वर्डमध्ये फोटोची नुसती पट्टी दिसते? ओळींमधील अंतराच्या या चुका टाळा

आमच्या सोसायटीच्या वार्षिक अहवालात वृक्षारोपणाचा फोटो टाकला, तेव्हा पानावर दिसल्या त्या फक्त सभासदांच्या चपला. तो पुसून पुन्हा टाकला, लहान करून पाहिला, तरी चपलाच. फोटोत काहीच बिघाड नव्हता. दोष परिच्छेदाच्या लाइन स्पेसिंगचा होता.

मराठी मजकुरात ही अडचण वारंवार येते, त्याला कारण आहे. मंगल फॉन्टमध्ये ओळी फार विरळ दिसतात, म्हणून टंकलेखक लाइन स्पेसिंग ‘एक्झॅक्टली’, म्हणजे ओळीची उंची ठरावीक, ठेवून १८ पॉइंट असा आकडा देतात आणि ओळी जवळ आणतात. ‘इन लाइन विथ टेक्स्ट’, म्हणजे मजकुराच्या ओळीतच बसवलेला, फोटो मात्र वर्डच्या लेखी एक मोठे अक्षरच असतो, आणि ७२ पॉइंटचा एक इंच धरला तर १८ पॉइंटच्या ओळीत त्याला जेमतेम पाव इंच उंची मिळते. तेवढा खालचा भाग दिसतो, बाकीचा कापला जातो. अशा वेळी फोटोवर क्लिक करून पॅराग्राफच्या चौकटीत लाइन स्पेसिंग ‘सिंगल’ किंवा ‘ॲट लीस्ट’ करावे. कंट्रोल आणि १ या कळा एकत्र दाबल्या तरी ‘सिंगल’ लागू होते.

घाईत अनेक जण रॅपिंग (फोटो आणि मजकूर एकमेकांशी कसे बसावेत ते) बदलून ‘इन फ्रंट ऑफ टेक्स्ट’ करतात. फोटो पूर्ण दिसतो खरा, पण मजकुरावर बसतो. त्याहून वाईट म्हणजे सगळा दस्तऐवज निवडून ‘सिंगल’ करणे. चाळीस पानांची मांडणी एका फोटोपायी विस्कटते. फोटो बरेच असतील तर रिप्लेसच्या चौकटीत ‘मोअर’ उघडून ‘स्पेशल’ यादीतून शोधण्यासाठी ‘ग्राफिक’ आणि बदलण्यासाठी ‘फाइंड व्हॉट टेक्स्ट’ निवडावे, कर्सर बदलाच्या रकान्यातच ठेवून ‘फॉरमॅट’मधून पॅराग्राफचे अंतर ‘सिंगल’ करावे आणि मग ‘रिप्लेस ऑल’ म्हणावे. ज्या परिच्छेदात फोटोसोबत मजकूरही आहे, त्या मजकुराचे अंतरही यात बदलते. म्हणून फोटो आधीच स्वतंत्र परिच्छेदात ठेवलेला बरा.

तक्त्यातला फोटो याच पद्धतीने सुधारला नाही, तर तक्त्याच्या आडव्या ओळीची (रो) उंची पाहावी. टेबल प्रॉपर्टीजमध्ये ‘रो’खाली उंची ‘एक्झॅक्टली’ असेल तर तिथेही फोटो कापला जातो. ती ‘ॲट लीस्ट’ करावी.

उलट तक्रारही असते: वाक्यात छोटे चिन्ह टाकले की तेवढ्याच ओळीच्या वर जास्त जागा सुटते. ‘सिंगल’मध्ये ओळ सर्वांत उंच घटकाएवढी वाढते, त्यामुळे चिन्हाची उंची अक्षरांइतकी करावी, किंवा ते निवडून फॉन्टच्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘पोझिशन’ला ‘लोअर्ड’ करून दोन-तीन पॉइंट खाली आणावे.

फोटोच्या वर-खाली मोकळी जागा हवी म्हणून एंटर दाबत राहण्याची सवय मात्र सोडावी, कारण मजकूर सरकला की त्या रिकाम्या ओळी नको तिथे, बहुधा पानाच्या माथ्यावर, येऊन बसतात. त्याऐवजी स्पेसिंगच्या ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’मध्ये ६ पॉइंट द्यावेत. आकडा देऊनही अंतर पडत नसेल, तर त्याच चौकटीत एकाच स्टाइलच्या परिच्छेदांमध्ये जागा न सोडण्याच्या पर्यायावर खूण असण्याची शक्यता मोठी, ती काढावी.