जुने खोटे दागिने साफ करताना पाणी बेतानेच

वर्षानुवर्षं डब्यात पडलेले खोटे दागिने बाहेर काढले की हात शिवशिवतात, सगळं एका वाटीत ओतावं, वर गरम पाणी आणि साबण घालून ठेवून द्यावं भिजत. प्लीज नका करू असं. सोन्याची चेन हे सहन करते, इमिटेशन ज्वेलरी नाही करत, कारण तिच्यात खाली पितळ, तांबं नाहीतर जस्ताचा कुठलातरी मिश्रधातू असतो, वरचा मुलामा अगदी पातळ, आणि खडे बरेचदा नुसते गोंदाने चिकटवलेले.

खड्यांची गंमत अशी की चमकतात त्या काचेच्या खड्यांना बहुतेक वेळा मागून चंदेरी थर दिलेला असतो आणि सगळी चमक त्याचीच. कोंदणात पाणी शिरून तो थर काळवंडला की खडा गेला म्हणून समजा, वरून कितीही घासा, उजळत नाही.

म्हणून आधी कोरडंच बघून घ्या. मोबाईलचा कॅमेरा झूम करून कुठला खडा हलतोय, कुठे मुलामा उडालाय, कुठे हिरवं चढलंय ते दिसतं. खाली पांढरं फडकं अंथरा म्हणजे खडा पडलाच तर सापडेल. मग लहान मुलांचा मऊ टूथब्रश कोरडाच हलक्या हाताने फिरवा, अर्धी धूळ तिथेच जाते.

आता कोमट पाण्यात सौम्य लिक्विड सोपचे दोन थेंब, त्यात इअरबड बुडवायचा आणि टिश्यूवर दाबून जवळजवळ कोरडा करायचा, नुसता दमट राहिला पाहिजे. दागिना पालथा धरून पुसा म्हणजे ओल खड्यामागे उतरत नाही. पहिल्यांदा मागच्या बाजूला कोपऱ्यात ट्राय करा, बडवर सोनेरी रंग आला तर तिथेच थांबा, तो मुलामाच निघतोय. नंतर साध्या पाण्याचा बड, लगेच कोरडं फडकं, आणि रात्रभर पालथंच वाळू द्या. घाई असेल तर हेअर ड्रायर चालेल पण थंड हवेवर.

खोट्या मोत्यांना फक्त दमट फडकं, बास. व्हिनेगर, स्पिरिट, अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड यातलं काहीही लागलं तर वरच्या थराचे पोपडे निघू शकतात, शिवाय ओवलेली माळ भिजली की आतला दोरा लवकर वाळत नाही आणि हळूहळू कुजतो.

हूकपाशी, सांध्यात जे हिरवट साठतं ते तांब्यावर घाम आणि ओल बसून तयार होतं. ते आधी टूथपिकने कोरडंच खरवडा, खाली कागद घ्या आणि नंतर हात धुवा, जुन्या मिश्रधातूंत शिसंही असू शकतं. उरलेल्याला व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून बडने लावा, पण फक्त उघड्या धातूवर, खडे-मोत्यांपासून लांब, आणि लगेच साध्या पाण्याने पुसून कोरडं करा.

टूथपेस्ट आणि बेकिंग सोड्याचे व्हिडिओ भरपूर फिरतात, पण दोन्ही खरखरीत आहेत, मुलामा घासून काढतात. चमक येते ती खालच्या पितळेची!

कोंदट वास येत असेल तर दागिने पूर्ण वाळवून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि आत छोट्या उघड्या वाटीत बेकिंग सोडा, दागिन्यांना न लागेल असा, दोन-चार दिवस. पण एखाद्या जुन्या प्लास्टिकच्या पिनेला कापरासारखा किंवा व्हिनेगरसारखा वास येतोय, ती चिकट झालीय, बारीक तडे गेलेत, तर तो सेल्युलॉइडसारखा प्रकार असू शकतो, त्यातून निघणारी आम्लाची वाफ शेजारच्या धातूलाही खाते. अशी वस्तू बाकीच्यांतून बाहेर काढा, हवेशीर जागी ठेवा, बंद पिशवीत नको आणि गॅस-मेणबत्तीजवळ तर अजिबात नको, सेल्युलॉइड भसकन पेट घेतं.

बाकीचे दागिने प्रत्येकी वेगळ्या झिप पाऊचमध्ये, हवा काढून, आत सिलिका जेलची एक पुडी टाकून. हिरवं चढलेला पीस साफ केल्यावरही थोडे दिवस वेगळाच ठेवून बघा, परत चढत नाही ना.