पुण्याच्या हवेत सिगार कशी पारखावी

सिगार चांगली की सुमार हे ठरवण्याआधी ती ठेवली कशी होती, ते बघा. पुण्यात तर आधी हेच बघायचं. एप्रिलच्या दुपारी हवा कोरडीठाक, जुलैत भिंतींनाही ओल. सिगारला लागते साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता. माझी निकाराग्वाची एक सिगार उन्हाळ्यात आठवडाभर कपाटात उघडी राहिली. बोटांत धरताच बाहेरचं पान चुरचुरलं आणि धूर नुसता कडूजहर लागला. दोष तंबाखूचा नव्हता.

घट्ट झाकणाच्या डब्यात आर्द्रता राखणारं पाकीट आणि आर्द्रतामापक ठेवा. मापकही तपासून घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याच्या थेंबांनी त्याचा ओलसर लगदा करा आणि मापकासोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ यायला हवा. ७० दिसला तर पुढे कायम ५ मिळवून वाचा. नवी सिगार या डब्यात दोन-तीन आठवडे मुरू द्या.

ओढायची ती जेवणानंतर, हाताशी तासभर असताना. सुरुवातीला रोबुस्तो आकाराची बरी: सुमारे ५ इंच लांब, २० मिलिमीटर जाड. हलकेच दाबून गाठी किंवा पोकळ जागा लागतात का बघा. तोंडात धरायच्या बंद टोकावर पानाची टोपी असते, तिचा जेमतेम २ मिलिमीटर भाग कापा. जास्त कापलात तर पान उलगडतं. न पेटवताच एक झुरका घ्या. हवा सहज यावी. सुकं गवत, मनुका, कोको, जे जाणवेल ते वहीत लिहा.

गॅसच्या लायटरची ज्योत टोकाला न टेकवता सिगार फिरवत कडा शेकून घ्या, मग पेटवा. मिनिटाला एकच झुरका, धूर तोंडातच खेळवायचा. घाई केली की सिगार तापते आणि चव करपते. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या कॅन्सरचा धोका राहतोच, हे जाणूनच हा शौक करावा.

नोंदी तीन टप्प्यांत करा. पहिल्या हिस्स्यात बहुधा मिरीचा तिखटपणा, मधल्यात कॉफी, भाजलेले शेंगदाणे, देवदार. माझा कौल या मधल्या हिस्स्यावर ठरतो. थोडा धूर नाकावाटे सोडलात तर जिभेला न कळलेले वासही कळतात. जळण्याची रेघ सरळ आहे का, राख किती टिकते, तेही टिपा.

शेवटी कडवट लागू लागली की थांबा. चिरडू नका, राखदाणीत नुसती ठेवा, आपोआप विझते. त्याच पेटीतली दुसरी गणपतीनंतर ओढा आणि वही उघडून ताडून बघा.