नऊ इंचाचा ब्लॉक, दोन सूत मार्जिन: घरच्या कापडातून पॅचवर्क आणि अप्लिक

आमच्या साताऱ्याकडं गोधडीला वाकळ म्हणतात, आणि आज्जीनं शिवलेली एक वाकळ अजून दर पावसाळ्यात आमच्या ट्रंकेतून बाहेर निघते. जुनी लुगडी आणि धोतरं एकावर एक पसरायची, कडेनं धावदोरा सुरू करून फिरत फिरत मधे यायचं, आणि कापड कुठं विरलं असेल तर वरून ठिगळ. मोजमाप काही नाही. त्यामुळं मला वाटलं होतं की वाकळ बघत मोठं झालेल्या माणसाला पॅचवर्कचा ब्लॉक, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेला एक मोठा चौकोन, काय अवघड, चौकोनाला चौकोन जोडायचा एवढंच की. पण वाकळीत थर एकमेकांना धरून असतात म्हणून टाका जरा इकडंतिकडं झाला तरी चालून जातं, ब्लॉकमध्ये तुकडे कडेला कड लावून जोडलेले असतात आणि तिथं सगळं मार्जिनवर, म्हणजे शिवणीच्या बाहेर सोडलेल्या कापडावर, येऊन थांबतं. पाव इंच. शिंप्याच्या भाषेत दोन सूत. हे दोन सूत ज्याला सांभाळता आले त्याला पुढचं सगळं जमतं, म्हणून मी त्याच्यावर जरा जास्तच लिहिणार आहे.

आधी कापड. फक्त सुती घ्या. घरातले जुने कॉटनचे शर्ट, कुर्ते, फ्रॉक सगळं चालतं, शर्टाची पाठ सगळ्यात चांगली, कॉलर आणि कोपराकडचा भाग विरलेला असतो तो सोडून द्या. कापड सुतीच आहे का याची शंका असेल तर एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून बघा, सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते, पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी होतो. नवीन घेणार असाल तर साधं पॉपलीन किंवा केंब्रिक घ्या, इचलकरंजी आपल्याला जवळ आहे त्यामुळं सुती कापडाला आपल्याकडं तोटा नाही. नवीन कापड कापायच्या आधी धुवायचंच, कारण ते आटतं.

रंगाची परीक्षा तर अजिबात चुकवू नका. मी एकदा लाल खणाचं कापड आणलं होतं, दुकानदार म्हणाला पक्का रंग आहे, मी विश्वास ठेवला आणि पांढऱ्या कापडावर त्याची फुलं लावली. पंधरा दिवसांचं हातकाम पहिल्याच धुण्यात गुलाबी झालं आणि मी अक्षरशः रडले. तेव्हापासून पांढरा रुमाल ओला करून कापडावर ठेवते, वरून गरम इस्त्री दाबते, रुमालावर रंग उतरला तर ते कापड ब्लॉकला वापरायचं नाही, मग ते कितीही देखणं असो.

जुनी साडी किंवा ओढणी फार मऊ असते, कापताना पळते. तिला खळ द्या. भाताची पेज चालते, स्टार्च चालतो, कडक करून इस्त्री करा म्हणजे कागदासारखी सरळ कापली जाते.

पहिला ब्लॉक नऊ चौकोनांचा करा, तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन. शिवून झाल्यावर प्रत्येक चौकोन ३ इंचाचा दिसायला पाहिजे म्हणून कापायचा ३.५ इंचाचा, चारी बाजूंनी पाव पाव इंच मार्जिन. गडद पाच आणि फिके चार, गडद चार कोपऱ्यांत आणि एक मधोमध. ४४ इंच पन्ह्याचं कापड असेल तर साडेतीन इंची एका पट्टीत १२ चौकोन निघतात, म्हणजे बघा किती थोडं कापड लागतं. कापताना चौकोनाच्या कडा कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला धरून ठेवा. उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, कापलेला तुकडा हातात घेतला की ताणतो, मग शिवताना तो लांब होतो आणि आपण म्हणतो मशीनच बिघडली.

आता ते दोन सूत. मशीनच्या दाबपट्टीची कड म्हणजे पाव इंच असं धरून चालू नका, प्रत्येक मशीनचं वेगळं असतं. सुई खाली घ्या, टेप लावून सुईपासून उजवीकडं बरोबर पाव इंच मोजा आणि तिथं प्लेटवर चिकटपट्टीचे तीनचार थर एकावर एक चिकटवा, दाते मोकळे ठेवून. कापडाची कड त्या थराला घासत गेली पाहिजे. मग परीक्षा घ्यायची: दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, एकीला एक जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर १ इंच भरली पाहिजे. कमी भरली तर मार्जिन जास्त जातंय, चिकटपट्टी जरा आत, सुईकडं, सरकवा आणि परत तीन पट्ट्या शिवा. हा अर्धा तास वाया गेला असं वाटतं पण गणित बघा, मार्जिन प्रत्येक शिवणीत एकच सूत जास्त गेलं तर दोन्ही तुकडे मिळून पाव इंच खाल्लं जातं, ओळीत दोन शिवणी असतात, म्हणजे बाहेरच्या मार्जिनसकट साडेनऊचा ब्लॉक नऊचा होतो. असे छोटेमोठे सोळा ब्लॉक एकत्र जोडायला बसलात की कोपरे कुठंच जुळत नाहीत.

हातानं शिवणाऱ्यांनी नाराज व्हायचं कारण नाही, उलट त्यांना सोपं आहे. तुकड्याच्या उलट्या बाजूला पेन्सिलनं पाव इंच आत रेघ मारा, दोन तुकड्यांच्या रेघा टाचणीनं जुळवा आणि रेघेवर बारीक धावदोरा घाला, दर तीनचार इंचावर एक उलटा टाका.

शिवण झाली की इस्त्री, पण इस्त्री फिरवायची नाही, वरून ठेवायची आणि उचलायची, घासली की तुकडा वाकडा होतो. मार्जिन गडद कापडाकडं पाडा. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत ते बाहेर जातं, मधल्या ओळीत आत येतं, त्यामुळं ओळी जोडताना दोन्ही मार्जिन एकमेकांना अडून बसतात. बोटानं चाचपून बघा, ते बसलेलं कळतं, तिथंच टाचणी लावा. चारही कोपरे एका बिंदूत आले की जे वाटतं ते मला शब्दात सांगता येत नाही, मी अजून प्रत्येक वेळी ब्लॉक उजेडात धरून बघते.

आता अप्लिक, म्हणजे एका कापडावर दुसऱ्या कापडाचा आकार लावायचा. मी सोनकीचं फूल करते. गणपतीच्या आसपास कासला जाऊन आलं की ते पिवळं डोक्यातून जातच नाही, आणि आकारही सोपा आहे, आठ पाकळ्या आणि मधे एक गोल. खालचं कापड १०.५ इंचाचं घ्या, टाके घालता घालता ते थोडं आक्रसतं, शेवटी साडेनऊला कापायचं.

जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची एक पाकळी कापा. ती पिवळ्या कापडाच्या सुलट बाजूवर ठेवून पेन्सिलनं आखा आणि रेघेच्या बाहेर जेमतेम दीड सूत ठेवून कापा, जास्त ठेवलं तर आत दुमडताना गोळा होतो. पाकळी जागेवर ठेवून कच्चा टाका घाला. दोरा पाकळीच्या रंगाचा, खालच्या कापडाच्या रंगाचा नाही, एकेरी आणि हातभरच, लांब घेतला की गुंता होतो. सुईच्या टोकानं कड आत ढकलायची, एका वेळी अर्धा इंच, त्याच्या पुढचं बघायचंच नाही. रेघ दिसेनाशी झाली की डाव्या अंगठ्यानं दाबून धरा. सुई खालून वर दुमडीच्या अगदी कडेतून काढा, आणि तिथंच शेजारी खालच्या कापडात घाला, पुढं एक सूतभर सरकून परत वर. टाका ओढताना दोरा दिसेनासा होतो तेवढाच ओढा, जोरात ओढला की सुरकुती पडते. टोकाशी आलात की आधी टोक सरळ खाली दुमडा, जास्तीचं कात्रीनं छाटा, मग दुसरी बाजू आत घ्या, घाईत हे तिन्ही एकदम केलं की टोक बोथट होतं. हृदयासारखा आतल्या बाजूला वळण असलेला आकार करणार असाल तर तिथं मार्जिनला बारीक चिरा द्या, बाहेरच्या गोलाईला चिरा द्यायच्या नाहीत, तिथं टोकं टोकं दिसायला लागतात.

मधला गोल असा ढकलत बसलात तर कधीच गोल होत नाही. दहाच्या नाण्यावरून पुठ्ठ्याची चकती कापा, कापड त्याच्यापेक्षा पाव इंच मोठं गोल कापा, कापडाच्या कडेनं धावदोरा घालून चकतीवर बटव्यासारखं आवळा आणि इस्त्री दाबा. थंड झालं की दोरा जरा सैल करून चकती काढून घ्या. पाकळ्यांची आतली टोकं तशीच सोडा, दुमडायची गरज नाही, गोल त्यांच्यावर बसतो.

खणाचं कापड अप्लिकला फार सुंदर दिसतं पण धागे फार सुटतात, त्याला मार्जिन थोडं जास्त घ्या आणि टोकदार आकार टाळा. नवशिक्यांनी पॉपलीनवरच हात बसवावा असं माझं मत आहे.

एक ब्लॉक झाला की उशीचा अभ्रा होऊ शकतो: ४ इंच रुंदीच्या पट्ट्या, दोन ९.५ इंच लांब, दोन १६.५, आधी छोट्या दोन समोरासमोर लावा, मग मोठ्या, १६ इंची उशीला बरोबर बसतो. १६ ब्लॉक झाले की ३६ इंची दुपटं. आत घालायला जुनं धुतलेलं लुगडं दोन पदरी घ्या, बाजारचं जाड फायबर लहान बाळाला गरम होतं. आणि तिथं, थर लागल्यावर, आज्जीसारखा कडेनं धावदोरा सुरू करून मधे या, तिथं मोजायचं काही नाही.