सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात नाव घालायचंय?

आपल्याकडे कॉलेज म्हटलं की सगळा जीव प्रवेशात अडकलेला असतो. सीईटी, कटऑफ, पहिली यादी, दुसरी यादी, आणि एकदाचं नाव लागलं की पेढे. सिटी कॉलेजात हे काहीच नाही. वय अठरा पूर्ण असलं की बहुतेक कोणालाही घेतात. त्यामुळे नवीन आलेल्यांना शंका येते: जिथे कोणालाही घेतात, तिथे शिकवणार तरी काय? पुण्याहून फोनवर सासूबाईही विचारतात, ‘म्हणजे बर्कली नाही ना ते?’ नाही, ते नावाजलेलं विद्यापीठ वेगळं. पण इथे दोन वर्षं करून तिसऱ्या वर्षाला बर्कलीत गेलेली मुलं आहेत. हे सरकारी कॉलेज १९३५पासून शहरात आहे. इथे धावपळ करावी लागते ती प्रवेश मिळाल्यानंतर, हव्या त्या वर्गात जागा मिळवण्यासाठी.

त्याआधी एक गोष्ट ठरवा. इथले वर्ग दोन प्रकारचे असतात, क्रेडिट आणि नॉनक्रेडिट. इंग्रजी बोलायला सुधारायचं असेल, नाहीतर कॉम्प्युटरवर हात बसवायचा असेल, तर नॉनक्रेडिट घ्या. त्याला फी नाही. शहरातल्या मिशन आणि चायनाटाउन या वस्त्यांमधल्या सेंटरांवरही हे वर्ग भरतात. पदवीकडे जायचं असेल तर मात्र क्रेडिटच हवं. नॉनक्रेडिटमध्ये वर्षभर मन लावून शिकलात तरी ते पदवीच्या युनिटांत, म्हणजे अभ्यास मोजायच्या मापात, धरलं जात नाही. हे कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून आधीच सांगते.

आता पैशाचं. कॅलिफोर्नियाचे रहिवासी ठरलात तर क्रेडिट वर्गाला युनिटमागे ४६ डॉलर पडतात, आणि सॅन फ्रान्सिस्कोत राहत असाल तर ‘फ्री सिटी’ योजनेत तेही माफ होऊ शकतात. ही योजना २०१७पासून आहे. २०१६मध्ये शहराच्या मतदारांनी महागड्या मालमत्तांच्या विक्रीवरचा कर वाढवला, त्याच्या बळावर ती उभी राहिली. रहिवासी ठरायला सत्र सुरू होण्याआधी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस काढलेला असावा लागतो, आणि इथेच राहायचा इरादा कागदांवर दिसावा लागतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावाल्यांना हे दार बंदच असतं, त्यांची फी कितीतरी जास्त. एच-४वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्या नवऱ्याच्या किंवा बायकोच्या जोडीने आलेल्यांना मात्र ते उघडं आहे, आणि शिकण्यासाठी व्हिसा बदलावा लागत नाही. अडचण पुराव्याची येते. घरभाड्याचा करार, बँक खातं, वीजबिल सगळं नवऱ्याच्या नावावर असतं, आणि बायको इथे वर्षभर राहिली हे दाखवायला हाताशी काही नसतं. आल्या आल्या करारावर दोघांची नावं घाला आणि राज्याचं ओळखपत्र काढा. कॉलेजचा विचार आज नसला तरीही.

अर्ज ऑनलाइन भरायचा, तो सोपा आहे. वर्ग निवडणं जड जातं. लोकप्रिय वर्ग भराभर भरतात आणि मग वेटलिस्ट लागते. वेटलिस्टवर नाव असलं तरी पहिल्या तासाला जाऊन बसायचं. मागच्या भिंतीशी आपल्यासारखेच चार-सहा जण पाठीवर दप्तर घेऊन उभे असतात. शिक्षक हजेरी घेतात. न आलेल्यांची नावं कटतात, आणि तास संपता संपता उरलेल्या जागांसाठी ते एक कोड देतात. तो मुदतीच्या आत ऑनलाइन टाकला की तुम्ही वर्गात. ‘सर, प्लीज’ म्हणत गळ घालायची गरज नसते, पण तिथे असावं मात्र लागतं. घरी बसून ईमेलची वाट पाहणारा बहुधा मागे पडतो.

गणित आणि इंग्रजीची पातळी ठरवायला आता प्रवेशपरीक्षा नसते, पण भारतातली पदवी असेल तर गुणपत्रिकांचं मूल्यांकन करून घ्या आणि काउन्सेलरची वेळ लवकर घ्या. पुढे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात जायचं असेल तर ‘असिस्ट’ या राज्याच्या संकेतस्थळावर कुठला विषय कुठे चालतो ते पाहा. या युनिव्हर्सिटीच्या सहा कॅम्पसांशी प्रवेशाच्या हमीचा करार करता येतो, डेव्हिस आणि सांता क्रूझ त्यातले. बर्कली आणि लॉस एंजेलिस त्यात नाहीत.

मुख्य ओशन कॅम्पस बाल्बोआ पार्क या बार्ट रेल्वेच्या स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ आहे. जुलैतही जॅकेट न्या, तिथलं धुकं हाडात शिरतं. वर्गात शेजारी एकोणीस वर्षांचा मुलगा असेल, नाहीतर निवृत्त बस ड्रायव्हर. ताई-दादा जोडायची सवय सोडा, सगळे नावानेच हाक मारतात, बरेचसे शिक्षकसुद्धा. वार्षिक परीक्षेच्या आदल्या रात्री जागून निभावणाऱ्या आपल्या मंडळींना इथे जड जातं, कारण गुण दर आठवड्याच्या गृहपाठात विखुरलेले असतात. शिक्षकांच्या ऑफिस अवर्सना जाणं म्हणजे चमचेगिरी नव्हे. ती वेळ तुमच्यासाठीच ठेवलेली असते, आणि बहुतेकदा तिथे कोणी फिरकत नाही.

आणि वर्ग झेपत नसेल तर नुसतं जायचं बंद करू नका. ऑनलाइन जाऊन नाव काढा. सुरुवातीच्या मुदतीत काढलंत तर नोंदच राहत नाही, त्यानंतर काढलंत तर गुणपत्रिकेवर डब्ल्यू, म्हणजे वर्ग सोडल्याची खूण, येतो. काढलंच नाहीत तर एफ, म्हणजे नापासाचा शेरा, येऊ शकतो, आणि पुढे दुसरीकडे जाण्याच्या अर्जासोबत तो पुढच्या विद्यापीठाच्या टेबलावर जातो.