पीएफ अडलाय? नोकरी सोडल्याची तारीख स्वतःच टाका

लांब बिनपगारी रजेनंतर नोकरी सुटली आणि कंपनीने पीएफच्या नोंदीत सोडल्याची तारीखच भरली नाही, तर पैशांसाठीचा अर्ज अडतो. एचआरला फोन करत बसू नका.

१. आधी पासबुकात शेवटचा हप्ता कोणत्या महिन्याचा आहे ते बघा. त्याला दोन महिने उलटलेले हवेत.
२. यूएएन (पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक) पोर्टलवर ‘मॅनेज’मध्ये ‘मार्क एग्झिट’ उघडा, कंपनी निवडा, तारीख आणि कारण भरा.
३. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. (जुना नंबर बंद असेल तर आधी आधारला नवा नंबर जोडा.)

तारीख शेवटच्या हप्त्याच्या महिन्यातलीच चालते, राजीनाम्याची नाही. एकदा भरलेली तारीख ‘मार्क एग्झिट’मधून पुन्हा बदलता येत नाही, म्हणून बटण दाबण्याआधी दोनदा वाचा.