शार्प फोटो कसा काढावा: लेन्स बदलण्याआधी फोकस तपासा

फोटो मऊ, म्हणजे धूसर आला की लोक लगेच नवी लेन्स घ्यायला सांगतात. बहुतेक वेळा हा सल्ला चुकीचा असतो. साधी ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स एफ/४ ला पुरेशी शार्प असते (एफचा आकडा म्हणजे ॲपर्चर, लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक; आकडा लहान तितकं भोक मोठं). फोटो बिघडतो तो तीन कारणांनी: आपला हात हलतो, समोरचा माणूस हलतो, नाहीतर फोकस भलतीकडे जातो. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून निदानाशिवाय एकही सेटिंग बदलू नका.

पायरी १: काय बिघडलंय ते ओळखा

बिघडलेला फोटो कॉम्प्युटरवर १०० टक्के मोठा करा. सगळी फ्रेम एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसत असेल तर कॅमेरा हलला. भिंत आणि खुर्ची स्पष्ट, पण चेहरा किंवा हात फरफटलेला, तर माणूस हलला. आणि चेहरा मऊ असून त्याच्या पुढचं किंवा मागचं काहीतरी लख्ख असेल, तर फोकस चुकला.

पायरी २: शटर स्पीड

कॅमेरा हातात असेल तर शटर स्पीड (शटर किती सेकंद उघडं राहतं) निदान १/फोकल लेंग्थ, म्हणजे १/लेन्सचे मिलिमीटर हवा, हा फिल्मच्या काळातला नियम. ५० मिलिमीटरला १/५०, आणि दीडपट क्रॉप सेन्सर (फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) असेल तर १/७५. २४ मेगापिक्सेलचा फोटो मोठा करून बघणाऱ्याने हा वेग दुप्पट करावा. गप्पा मारणाऱ्या माणसांसाठी १/२५०, पळणाऱ्या मुलासाठी १/१०००, उडत्या पक्ष्यासाठी १/२०००. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, समोरच्याची हालचाल थांबवत नाही.

उजेड कमी पडला तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) बिनधास्त वाढवा. ‘काहीही झालं तरी आयएसओ १०० वरच ठेवा’ या सल्ल्याने किती फोटो वाया गेले असतील! आयएसओ वाढवल्याने येणारा नॉइज (फोटोतले दाणे) बऱ्यापैकी कमी करता येतो, हललेला चेहरा परत मिळत नाही.

पायरी ३: फोकस

इथे मी दोन वर्षं अडकलो होतो. ५० मिलिमीटर लेन्स, ॲपर्चर सताड उघडं, आणि कुणीतरी शिकवलेली पद्धत: मधला फोकस पॉइंट डोळ्यावर ठेवायचा, बटण अर्धं दाबून फोकस लॉक करायचा, मग कॅमेरा फिरवून फ्रेम जुळवायची. माझ्या आजीचा मी काढलेला सगळ्यात जवळचा फोटो असाच आहे. कानशिलावरचा केस न केस दिसतो, डोळे मात्र धूसर. तो फोटो पुन्हा काढता येणार नाही. त्या काळात मी लेन्सला दोष देत होतो, सर्व्हिस सेंटरलाही दाखवून आणली. लेन्समध्ये काहीच बिघाड नव्हता.

चूक कुठे होती ते आकड्यांत बघा. फोकस बसतो ती जागा सेन्सरला समांतर उभ्या केलेल्या सपाट काचेसारखी असते. डोळा १ मीटरवर आहे, तुम्ही फोकस लॉक केला आणि कॅमेरा १५ अंश फिरवला, की ती काचही सोबत फिरते आणि डोळ्याच्या साधारण ३४ मिलिमीटर मागे जाते. फुल फ्रेमवर (फिल्मच्या फ्रेमएवढ्या सेन्सरवर) ५० मिलिमीटर, एफ/१.८ आणि १ मीटर अंतर असताना शार्प पट्टा असतो जेमतेम ४ सेंटिमीटरचा, म्हणजे डोळ्याच्या पुढे २ आणि मागे २. डोळा पट्ट्याबाहेर गेला, कानशील आत आलं. तीन मीटरवरून पूर्ण उंचीचा फोटो काढताना पट्टा बराच रुंद होतो आणि चूक झाकली जाते. ‘माझं तर नेहमी जमतं’ असं सांगणारे बहुधा तेवढ्या अंतरावरूनच फोटो काढत असतात.

म्हणून जवळून, उघड्या ॲपर्चरवर ही पद्धत वापरूच नका. आधी फ्रेम जुळवा, मग सिंगल पॉइंट सरकवून कॅमेऱ्याच्या जवळ असलेल्या डोळ्यावर न्या. कॅमेऱ्यात आय डिटेक्शन (डोळा आपोआप ओळखून फोकस करणं) असेल तर ते जरूर वापरा, पण चष्मा किंवा डोळ्यावर आलेले केस असतील तर मोठा करून खात्री करा, कारण कधी कधी फोकस चष्म्याच्या काडीवर बसतो आणि स्क्रीनवर चौकोन मात्र डोळ्यावरच दिसतो. जुन्या डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत) कडेचे पॉइंट कमकुवत असतात. तिथे मधलाच पॉइंट वापरा, फ्रेम सैल ठेवा आणि नंतर क्रॉप करा. थोडे मेगापिक्सेल गेले तरी चालतील, डोळा जाता कामा नये.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. उभा माणूस सतत किंचित डुलत असतो, तुम्ही आणि समोरचा दोघंही. ४ सेंटिमीटरच्या पट्ट्यात एवढंही पुरतं. फोकस सिंगलवर लॉक करून योग्य हसू येईपर्यंत थांबलात, तर तोवर डोळा पट्ट्याबाहेर गेलेला असतो. माणसांसाठी फोकस कंटिन्युअस, म्हणजे बटण दाबलेलं असेपर्यंत सतत बसत राहणारा ठेवा (कॅननच्या डीएसएलआरमध्ये याला एआय सर्व्हो म्हणतात) आणि तीन-चार फ्रेम सलग काढा.

पायरी ४: ॲपर्चर

पूर्ण उघड्यापेक्षा दोन स्टॉप बंद केलं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) की बहुतेक लेन्स सगळ्यात शार्प होतात. एफ/२२ मात्र टाळा, तिथे डिफ्रॅक्शनमुळे (लहान भोकातून जाताना उजेड पसरल्यामुळे) सगळाच फोटो मऊ होतो.

पायरी ५: ट्रायपॉड आणि काच

ट्रायपॉडवर दोन सेकंदांचा टायमर लावा. लेन्सच्या पुढच्या काचेवर बोटाचा ठसा आहे का बघा, आणि लेन्सवर हलक्या दर्जाचा फिल्टर असेल तर काढून ठेवा.

तरीही मऊ येत असेल तर

आता लेन्स तपासा. बारीक छापलेली पानं भिंतीवर मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत येतील अशी लावा, कॅमेरा ट्रायपॉडवर अगदी समोर ठेवा, एफ/५.६ आणि टायमर. डीएसएलआर असेल तर दहा फोटो व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून आणि दहा लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या स्क्रीनवर बघून), दर वेळी फोकस मुद्दाम बिघडवून मग नव्याने बसवत काढा. लाइव्ह व्ह्यूचे सगळे शार्प आणि व्ह्यूफाइंडरचे सगळे सारखेच मऊ, तर फोकसचं फाइन ट्यूनिंग (फोकस किंचित पुढे-मागे सरकवणारी सेटिंग) करा. कधी शार्प, कधी मऊ असं येत असेल तर फाइन ट्यूनिंगला हात लावू नका, त्याने ते सुधारणार नाही. आणि लाइव्ह व्ह्यूच्या फोटोतही तीन कोपरे स्पष्ट आणि एकच कायम धूसर असेल, तर आतली एखादी काच सरकलेली असण्याची शक्यता आहे. तेव्हा ते फोटो सोबत घेऊन लेन्स दुरुस्तीला द्या.