चिनी अक्षर लिहिताना: आधी कोणती रेघ?

चिनी शिकायला लागलेले बहुतेक जण विचारतात, की सगळं फोनवर टाइप होतं, तर रेघांचा क्रम कशाला गिरवायचा? अक्षर शेवटी तसंच दिसलं म्हणजे झालं. मला हे मुळीच पटत नाही. दोनेकशे अक्षरं झाली की ती डोळ्यांपुढे एकमेकांत मिसळू लागतात. अशा वेळी हाताला वळण लागलेलं असेल, तर पहिली रेघ टेकताच पुढची सुचते. क्रम दर वेळी वेगळा असेल, तर हाताला वळण लागतच नाही.

सुरुवात सुट्या रेघांपासून करा. आडवी ती हंग, उभी ती शू, डावीकडे खाली उतरणारी फ्ये, उजवीकडे उतरणारी ना, ठिपका त्येन आणि खालून उजवीकडे वर उचललेली थी. शिवाय मोड, म्हणजे मध्येच वळणारी रेघ, आणि आकडा, म्हणजे टोकाला हुकासारखी वळलेली. ही नावं मोठ्याने म्हणत बोटाने हवेत अक्षर काढायचं. चिनी शाळांतली मुलंही असंच शिकतात. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आधी आणि उभी नंतर, हे नियम आठवड्याभरात अंगवळणी पडतात. खरा वेळ चौकटीच्या अक्षरांना द्या.

'देश' या अर्थाचं क्वो घ्या. आपल्याला चौकोन एका दमात काढायची सवय असते, पण इथे तो तीन रेघांचा आहे. आधी डावी उभी. मग वरची आडवी आणि उजवी बाजू मिळून एकच, पेन न उचलता. आता चौकट खालून उघडी ठेवून आत शिरायचं. दोन आडव्या, त्यांना छेदणारी उभी, तळाची आडवी, उजवीकडे ठिपका. सगळ्यात शेवटी खालची रेघ ओढून चौकट बंद. एकूण आठ रेघा. तळ आधीच बांधला, तर आतलं चेपतं किंवा बाहेर सांडतं. शेवटी ओढला, तर आतल्याला किती जागा लागली ते दिसत असतं.

पाण्याशी संबंधित अक्षरांत, म्हणजे नदीच्या, समुद्राच्या, डावीकडे तीन थेंब असतात. वरचे दोन ठिपके खाली उतरतात आणि तिसरा खालून वर उडतो, कारण हात आता उजव्या भागाकडे निघालेला असतो. एक रेघ संपते तीच पुढचीच्या दिशेने. हे एकदा हाताला कळलं, की चिनी माणसाची घाईतली चिठ्ठीही वाचता येऊ लागते. घाईत रेघा जोडल्या जातात, पण ज्या वाटेने हात जातो ती वाट तीच राहते. 1956 नंतर चीनने जी सोपी रूपं अधिकृत केली, त्यांतली काही तर अशा जोडून केलेल्या लिखाणातूनच उचललेली आहेत. 'पुस्तक' हे अक्षर दहा रेघांवरून चारांवर आलं ते त्यामुळेच.

काही अक्षरं नियमाला जुमानत नाहीत, ती सरळ पाठ करा. 'स्त्री'मधली आडवी रेघ सगळ्यात शेवटी येते. 'लहान'मध्ये मधली उभी आधी, बाजूचे ठिपके मग. 'नऊ'मध्ये फ्ये आधी, तर जवळपास तशाच दिसणाऱ्या 'शक्ती'मध्ये ती नंतर.

पुण्यात आधी जपानी आणि मग चिनी शिकणारे बरेच भेटतात, त्यांनी जरा जपून. 'शेत' या अक्षरात चौकटीच्या आत चीनमध्ये आडवी आधी काढतात, जपानमध्ये उभी आधी. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. तैवानचे नियमही थोडे वेगळे आहेत. चीनने 1997 मध्ये 7000 अक्षरांचा क्रम ठरवून दिला आणि 1 मार्च 2021 पासून 8105 अक्षरांसाठी नवा मानक लागू केला. ॲप घेताना ते कुठला क्रम दाखवतं, ते आधी बघा. फोनवर रेघांचा कळफलकही असतो: आडवी, उभी, डावी, ठिपका आणि मोड, अशा पाच कळा. पाटीवरच्या अक्षराचा उच्चार माहीत नसला, की तो फार उपयोगी पडतो. मात्र क्रम चुकला, तर हवं ते अक्षर समोर येणं कठीण.

किती अक्षरं हाताने लिहायची? चिनी शिकणाऱ्या परदेशी लोकांसाठी चीनने 2021 मध्ये केलेल्या भाषा-मानकात 3000 अक्षरांपैकी हाताने लिहिण्यासाठी 1200 धरली आहेत आणि त्यांतली प्राथमिक टप्प्यासाठी फक्त 300. माझा आग्रह या 300 साठी आहे. ती चौकोनी घरांच्या वहीत, मोठी, क्रमाने लिहा. घराच्या मधोमध उभी-आडवी तुटक रेघ असते, तिच्यावरून कुठला भाग किती पसरला ते कळतं. एकच अक्षर पानभर लिहू नका, चौथ्या-पाचव्या वेळेनंतर हात चालतो आणि लक्ष उडतं. चार वेळा लिहा, वही झाका, दुसऱ्या दिवशी न बघता लिहा. अडलात, तर नेमक्या कोणत्या रेघेशी अडलात त्यावर खूण करा. त्यापुढची अक्षरं बहुतांशी याच तुकड्यांची जुळणी असतात, तिथे फक्त नवा तुकडा आला तरच वही काढा.